शेडनेट आणि पुरलेली मडकी: माघापासून मिरगापर्यंतचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी कुटुंबाच्या सांदवाडीत, म्हणजे परसबागेत, मी माघात 50 टक्क्यांची शेडनेट बांधली आणि झाडांच्या ओळींत पाण्यासाठी मातीची मडकी पुरली. बागा आखून देणं हे माझं काम आहे. आता मिरग लागलाय, म्हणून या दोन्हींनी उन्हाळ्यात कशी साथ दिली ते लिहिते.

जाळ्या 35, 50, 75, 90 टक्के अशा मिळतात. जेवढा आकडा तेवढं ऊन अडतं. पारा 45 च्या वर जातो म्हणून आपल्याकडे बरेच जण थेट 75 ची नेतात. माझ्या मते रोपवाटिकेला ती ठीक, परसबागेला नको. मोगऱ्याला तर अंगावर ऊन हवंच. दाट सावलीत तो नुसता पानांनी भरतो. 50 च्या जाळीखाली वांगी-मिरची हिरवी राहिली आणि सांभारही (कोथिंबीर) एरवीपेक्षा जास्त दिवस कोवळा मिळाला. टमाटरची फुलं मात्र मे महिन्यात गळलीच. इतक्या उष्णतेत त्याला फळ धरत नाही, जाळी असो वा नसो.

जाळी कुठे बांधायची, हे मला टक्क्यांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. आपल्या भागात मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, तेव्हा वरची जाळी पुरते. पण झाडं खरी होरपळतात ती दुपार कलल्यावर, पश्चिमेच्या तिरप्या उन्हानं. म्हणून त्या बाजूला जाळीचा उभा पडदा सोडला, आणि फरक त्यानंच पडला. वरची जाळी आठ फुटांवर ठेवली. खाली बांधली की गरम हवा कोंडते. वावधानात, म्हणजे वादळी वाऱ्यात, एक कोपरा फाटला, कारण दोरी थेट जाळीच्या छिद्रांतून ओवली होती. नंतर काठ बांबूवर दुमडून शिवला, मग काही झालं नाही.

मडक्यांवर माझा जीव आहे. साधं, न रंगवलेलं, बिनचकाकीचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी भरायचं, वर झाकण. झाकण विसरू नका, डास होतात. भोवतीची माती कोरडी पडेल तसं पाणी झिरपतं. माती ओली असली की झिरपणं आपोआप मंदावतं. मडकं घेताना पाणी भरून रात्रभर ठेवा. सकाळी बाहेरून दमट लागलं तरच ते कामाचं. काळ्या मातीत एक काळजी हवी. ही माती वाळली की आकसते, भेगा पडतात आणि मडक्याचा मातीशी संबंध तुटतो. म्हणून खड्डा मोठा घेऊन भोवती रेती आणि कुजलेलं शेणखत मिसळलेली माती भरली. रोप मडक्यापासून वीतभर अंतरावर असावं. मोठ्या झाडांना या मडक्यांचा उपयोग नाही.

बोअरचं पाणी जड असेल तर क्षार साचून छिद्रं बुजतात. इथे एप्रिलअखेर ते जाणवलं. मडकी काढून, लिंबू पिळलेलं पाणी लावून घासली, तेव्हा पुन्हा झिरपू लागली. एवढी खटपट असूनही घरच्या काकू म्हणाल्या, "ताई, ह्या मडक्यायनं माह्या बादल्या वाचवल्या." त्यांच्याकडे उन्हाळ्यात पाणी डोक्यावरून येतं, म्हणून या शब्दांना मी फार मोल देते.

सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) वाफ्यांवर जाड पसरलं नसतं, तर यातलं निम्मंही साधलं नसतं. फक्त ते खोडाला भिडू देऊ नका, उधई (वाळवी) लागते.

आता माझी आवड. हिरवळीचा गालिचा मी विदर्भात कुणालाच सुचवत नाही. विहीर आटत असताना गवताला पाणी पाजणं मला पटत नाही. अंगणात बहावा लावा. ऐन उन्हाळ्यात पिवळा होऊन लोंबणारं दुसरं झाड माझ्या तरी नजरेत नाही. पांढरा चाफा लावा, तो कमी पाण्यावर निभतो. बोगनवेलीला पाणी तोडलं की उलट रंग जास्त येतो. आणि मोगरा ओसरीजवळ हवा, कारण आपल्याकडे उन्हाळ्यात माणसं बागेत बसतात ती दिवस मावळल्यावरच.

शेडनेट पुन्हा घेईन, मडकी तर नक्कीच. पश्चिमेच्या बाजूला आता शेवगा लावलाय. तो वाढला की उभा पडदा काढता येईल. तोवर पावसाळ्यात जाळी उतरवून, वाळवून, उंदरांपासून दूर टांगून ठेवायला काकूंना सांगितलंय.