‘फोर बाय फोर’ म्हणून दिलेली थार आणि गिळलेलं डिपॉझिट

पाऊस पडून छत्रपती संभाजीनगरच्या आसपासचे डोंगर हिरवे झाले की पुण्या-मुंबईचे पाहुणे शनिवार-रविवार साधून येतात. वेरूळ-अजिंठा करायचंच असतं, पण हल्ली सोबत ‘ऑफ-रोडिंग’ही (पक्का रस्ता सोडून गाडी चालवणं) हवं असतं. नेमक्या त्याच दिवसांत व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामवर जाहिराती फिरू लागतात: ‘फोर बाय फोर थार, सेल्फ ड्राइव्ह, म्हैसमाळ-पितळखोरा-अंतूर-गौताळा, जंगलातली थरारक वाट, डिपॉझिट परत.’ या व्यवहारात लोक नागवले जातात ते एकाच ठरलेल्या पद्धतीने. पायरी पायरीने नाडलं जातं आणि डिपॉझिट हातचं जाईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

पहिली थाप रस्त्याची. म्हैसमाळला डांबरी रस्ता आहे. दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ हा सगळा पट्टा डांबरी आहे. कन्नडहून पितळखोऱ्याला लेण्यांच्या पायऱ्यांपर्यंत साधी हॅचबॅकही जाते. म्हणजे जाहिरातीतल्या बहुतेक ठिकाणांना फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देणारी गाडी, लागतच नाही. उरतं गौताळा. गौताळा औट्रमघाट हे 1986 साली घोषित झालेलं अभयारण्य आहे. तिथे नाक्यावर नोंद करून ठरलेल्या रस्त्यानेच गाडी नेता येते. रस्ता सोडून गाडी जंगलात घालणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे आणि गाडी जप्त होऊ शकते. ‘आपली सेटिंग आहे, परवानगी काढलेली आहे’ असं सांगणारा माणूस वनखात्याची पावती दाखवत नसेल, तर परवानगी नाही असंच धरा. पकडल्यावर तो फोन उचलणार नाही आणि जबाब तुम्हाला द्यावा लागेल.

अजिंठ्याबाबतही अशीच एक थाप असते: ‘थेट लेण्यांच्या दारात सोडतो.’ खासगी गाड्या फर्दापूरच्या टी पॉइंटवर थांबतात आणि पुढचे सुमारे चार किलोमीटर एसटीच्या बसनेच जावं लागतं. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असतं, हेही पॅकेज विकणारा आगाऊ पैसे घेताना सांगत नाही.

दुसरी थाप गाडीची, आणि खरी मेख इथेच आहे. जानेवारी 2023 पासून थार फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या प्रकारातही मिळते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. मागच्या बाजूला 4×4 चं स्टिकर लावलं की पाहुणा खूश, आणि ते स्टिकर ॲक्सेसरीच्या कुठल्याही दुकानात मिळतं. गाडीत बसल्यावर गिअरच्या दांड्याशेजारी पाहा. फोर बाय फोर थारमध्ये तिथे दुसरा, आखूड दांडा असतो आणि त्यावर 2H, 4H, N, 4L अशा खुणा असतात (2 म्हणजे मागची दोन चाकं, 4 म्हणजे चारही; H नेहमीच्या वेगाला, L संथ पण जास्त ताकदीला, N न्यूट्रल). मागच्या चाकांच्या गाडीत त्या जागी सुटे पैसे, मोबाइल ठेवायचा खळगा असतो. तो दिसला की पुढे काही बोलायची गरज नाही. कागदावरही कळतं: तीन दारांच्या डिझेल थारच्या आरसीवर 1497 सीसी असेल तर ती मागच्या चाकांचीच, फोर बाय फोरचं डिझेल इंजिन 2184 सीसीचं आहे. पाच दारांच्या थार रॉक्समध्ये मात्र 2184 सीसी असूनही फक्त मागच्या चाकांचा प्रकार मिळतो आणि पेट्रोलमध्ये दोन्हीकडे 1997 सीसीच असतं. तेव्हा तिथे सीसीवर विसंबू नका, दांडा किंवा बटण बघा. मारुतीच्या जिम्नीबाबत हा घोळ नाही, भारतात ती सगळी फोर बाय फोरच विकली गेली.

दांडा आहे म्हणून निर्धास्त होऊ नका, विशेषतः जुनी जिप्सी किंवा जीप असेल तर. पुढचं डिफरन्शियल (दोन चाकांमध्ये ताकद वाटणारा, आसाच्या मधला गोळा) आवाज करू लागलं की दुरुस्तीचा खर्च टाळायला पुढचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे तिथवर ताकद नेणारा दांडा, काढून ठेवतात. दांडा पडतो, डॅशबोर्डवरचा दिवाही लागतो, कारण दिव्याला फक्त दांड्याची जागा कळते. ओणवं होऊन गाडीखाली टॉर्च मारा. मधल्या ट्रान्सफर केसमधून (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या पेटीतून) एक शाफ्ट मागे आणि एक पुढे गेलेला दिसला पाहिजे. मग मुरमाच्या मोकळ्या जागेत 4H टाकून स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि गाडी अगदी हळू फिरवा. पुढची चाकं थोडी अडखळत, ओढल्यासारखी चालली तर पुढे ताकद जाते आहे. (हे कोरड्या डांबरावर करत बसू नका, गिअरवर ताण येतो.) 4L टाकायचा तो गाडी थांबवून आणि क्लच दाबूनच. पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडल्यावर गाडी माणूस शेजारून चालत राहील इतक्या संथ गतीने सरकली पाहिजे.

नंबर प्लेट तर लांबूनच दिसते. पिवळ्या प्लेटवर काळी अक्षरं म्हणजे ड्रायव्हरसह टॅक्सी, काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं म्हणजे सेल्फ ड्राइव्हसाठी परवाना असलेली गाडी. पांढरी प्लेट खासगी, ती भाड्याने देता येत नाही. ‘भाऊजींची गाडी आहे, कुणी विचारलं तर मित्राची म्हणा’ असं सांगितलं गेलं की समजून जा. खासगी विमा भाड्याच्या वापरासाठी नसतो. अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते आणि मालक नुकसानीची सगळी रक्कम तुमच्याकडे मागतो. लेखी करार नसल्यामुळे भांडायलाही कागद नसतो. गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाकून विमा, फिटनेस आणि गाडीचा वर्ग पाहून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

आता डिपॉझिट कसं जातं ते. गाडी परत करताना मालकाचा माणूस चाव्या घेत नाही, आधी मोबाइलचा टॉर्च लावून खाली वाकतो. बंपरच्या खालच्या कडेवरून बोट फिरवतो. ‘हे नवीन आहे.’ मग गाडीत बसून चढावर थोडी चालवून येतो आणि नाक मुरडतो: क्लचचा वास येतोय, प्लेट जळाली. पाहुण्याला संध्याकाळची रेल्वे किंवा बस गाठायची असते, हे त्याला पक्कं माहीत असतं. दहा-पंधरा हजारांच्या डिपॉझिटमधून हजार-दोन हजार परत देऊन बोळवण होते.

बहुतेक वेळा क्लच आधीच संपलेला असतो. एका गिऱ्हाईकाकडून त्याचे पैसे वसूल झाले तरी प्लेट न बदलता तीच गाडी दुसऱ्याला जाते. म्हणून ताब्यात घेतानाच तपासा. सपाट जागी, पुढे मोकळी जागा ठेवून, हँडब्रेक पूर्ण ओढा, पायाने ब्रेक दाबा, तिसरा गिअर टाका आणि ॲक्सिलरेटर न देता क्लच सावकाश सोडा. इंजिन धक्का देऊन बंद पडलं तर क्लच ठीक. क्लच पूर्ण सोडूनही इंजिन चालूच राहिलं तर प्लेट घसरते आहे, गाडी घेऊ नका. पेडल अगदी वर आल्यावरच क्लच पकडत असेल तरी तीच शंका घ्या. ही चाचणी एकदा, फार तर दोनदा. चढावर अर्धा क्लच दाबून गाडी धरून ठेवली तर चांगली प्लेटही एका दुपारी जळते, तेवढं आपणही सांभाळायचं.

व्हिडिओ सगळेच काढतात, पण चुकीच्या जागांचा. नुसती दारं आणि बॉनेट टिपून उपयोग नाही. बंपरची खालची कड, फूटस्टेप, चाकांच्या आतली बाजू, चारही टायरच्या भिंती, स्टेपनी, पुढची काच, चालू इंजिनसह किलोमीटर आणि इंधनाचा काटा एवढं घ्या. तो व्हिडिओ तिथेच उभ्या उभ्या मालकाच्या व्हॉट्सॲपवर पाठवा, म्हणजे वेळेची नोंद राहते. आरसीचा फोटोही ठेवा. समृद्धी महामार्गावर वेग ओलांडला म्हणून महिनाभराने ‘चलन आलंय, पैसे पाठवा’ असा निरोप येतो. खरं चलन महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे चार अंक टाकून दिसतं. तारीख-वेळ तुमच्या भाड्याच्या दिवसांतली असेल तरच पैसे द्या.

उरली रुतलेली गाडी ट्रॅक्टरने काढण्याची शक्कल. ती काळ्या मातीच्या जोरावर चालते. ‘गाइड’ म्हणून सोबत दिलेला पोरगा पांदणीने (शेतांमधल्या कच्च्या वाटेने) नेतो आणि पाऊस पडून गेलेल्या रानात गाडी घालायला लावतो. काळी माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचांमध्ये भरते आणि टायर गुळगुळीत होतो. मडगार्डच्या आत चिखलाचा थर बसला की चाक फिरायलाही जागा राहत नाही. अशा वेळी चारही चाकांची ताकद फक्त चार खड्डे पाडते. टायरची हवा कमी करणं नदीच्या वाळूत उपयोगी पडतं, इथे खाचा भरल्यावर त्याचा फारसा फरक पडत नाही. शेतकरी वापसा आल्याशिवाय, म्हणजे जमीन मशागतीजोगी सुकल्याशिवाय, रानात औत घालत नाही. आपण दोन टनांची गाडी घालतो! नाथसागराच्या काठावर पाणी ओसरल्यावर दिसणारी भेगाळलेली जमीन तर आणखी फसवी: वरचा पापुद्रा वाळलेला, खाली गाळ ओलाच. तो भाग पक्षी अभयारण्यातही मोडतो.

गाडी रुतली की जवळच ट्रॅक्टर ‘योगायोगाने’ उभा असतो आणि भाव सांगितला जातो तो साखळी अडकवल्यावर. चाक जागच्या जागी फिरू लागताच ॲक्सिलरेटर सोडा. फिरवत राहिलात तर डिफरन्शियल मातीवर टेकतं आणि मग ट्रॅक्टरशिवाय इलाज नाही. चाकापुढचा चिखल खोऱ्याने काढा, खाली दगड किंवा पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, टाका (शेतकऱ्याला विचारून आणि पैसे देऊन, ते त्याचं सरपण असतं), आणि आलेल्या चाकोरीनेच मागे घ्या. ट्रॅक्टर लागलाच तर आधी रक्कम ठरवा आणि साखळी चेसिसच्या हुकालाच अडकवायला सांगा. बंपरला अडकवली तर तो निखळतो आणि त्याचे पैसेही डिपॉझिटमधूनच कापले जातात.

डिपॉझिट परत मागितल्यावर काही जण लिंक किंवा क्यूआर कोड पाठवतात: ‘स्कॅन करून पिन टाका, पैसे येतील.’ पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. असं झालं तर लगेच 1930 वर फोन करा, जितक्या लवकर तक्रार तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. नुसतं डिपॉझिट अडकवलं असेल तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथे जाहिरातीचा स्क्रीनशॉट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि ताब्यात घेतानाचा व्हिडिओ जोडा. पांढऱ्या प्लेटची गाडी असेल तर आरटीओकडे लेखी तक्रार देता येते. तशी तक्रार करतो म्हटल्यावर डिपॉझिटबद्दलची भाषा बऱ्याचदा बदलते, पण कोऱ्या कागदावर सही करून किंवा ‘नुकसान मान्य’ अशा मेसेजला होकार देऊन बसलेले असाल तर ते अवघड जातं. गाडी परत करताना अशा कशावरही सही करू नका, रेल्वे सुटत असली तरी.