'ऑइल अजिबात खात नाही' असे सांगून विकलेले रोटरी इंजिन

ज्या विक्रेत्याकडून मी रोटरी इंजिनाची, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणाऱ्या इंजिनाची, जुनी माझदा आरएक्स-८ घेतली, त्याने सर्वांत आधी सांगितलेली गोष्ट अशी होती की या इंजिनांबद्दल लोक काहीही म्हणोत, ही गाडी ऑइल अजिबात खात नाही. ते ऐकून मी निर्धास्त झालो आणि नेमकी तिथेच माझी फसगत झाली. तोच विक्रेता आता दुसरी रोटरी गाडी याच शब्दांत विकायला काढतो आहे, हे कळल्यावर हा अनुभव तपशिलाने लिहिणे मला आवश्यक वाटले.

या इंजिनाने ऑइल का खाल्ले पाहिजे, हे आधी सांगतो. पिस्टनच्या इंजिनात पिस्टनखालच्या क्रँककेसमधून उडणारे ऑइल सिलिंडरच्या भिंतीला लागत राहते आणि रिंगांचे वंगण आपसूक होते. रोटरी इंजिनात ती सोय नाही. तिकोनी रोटरच्या तिन्ही टोकांवरची अ‍ॅपेक्स सील (दाब निसटू नये म्हणून बसवलेल्या धातूच्या पट्ट्या) रोटरभोवतीच्या कवचाच्या, म्हणजे हाउसिंगच्या, ज्या आतल्या पृष्ठभागावर सतत घासत असतात, त्याच पृष्ठभागालगत पेट्रोल आत येते, पेटते आणि धूर होऊन बाहेर पडते; रोटर थंड ठेवण्यासाठी त्याच्या पोटात फिरणारे ऑइल तिथे जाऊ नये म्हणून रोटरच्या बाजूंना वेगळी ऑइल सीलही असतात. त्यामुळे अ‍ॅपेक्स सीलपुरते ऑइल मुद्दाम, मोजून आत सोडावे लागते. ऑइल मीटरिंग पंप ते इंजिनातूनच उचलतो, बारीक नळ्यांनी हाउसिंगवरच्या नोझलपर्यंत नेतो आणि इंजिनाचा वेग व भार वाढेल तसे त्याचे प्रमाण वाढवतो. सीलला लागून झालेले हे ऑइल पेट्रोलबरोबर जळून जाते. निरोगी आरएक्स-८ ला साधारणपणे दोन-तीन हजार किलोमीटरमागे एखादा लिटर ऑइल वरून भरावे लागते, आणि ही तक्रार नसून पंप काम करत असल्याची खूण आहे.

मला यातले काहीच ठाऊक नव्हते. गाडी पाहायला गेलो तेव्हा इंजिन थंड होते आणि ते एका किल्लीत सुरू झाले. चक्कर मारून परत आल्यावर मी ते बंद करू लागलो, तर विक्रेत्याने चालूच ठेवायला सांगितले. त्याला म्हणे लगेच दुसरीकडे जायचे होते. रोटरीची सील झिजली असतील तर इंजिन थंड असताना बहुधा सुरू होते आणि तापल्यावर मात्र स्टार्टर फिरत राहतो, पण इंजिन पकडत नाही. म्हणजे जी एक तपासणी कोणत्याही हत्याराशिवाय मला करता आली असती, तीच त्याने होऊ दिली नाही. इतका साधा संशय मला तेव्हा यायला हवा होता, याची रुखरुख आजही आहे.

कॉम्प्रेशनचा, म्हणजे इंजिनात किती दाब तयार होतो त्या चाचणीचा, कागदही त्याने दाखवला होता. त्यावर दोन रोटरांसाठी दोनच आकडे होते, दोन्ही ८ च्या वर. एका रोटरला तीन बाजू असतात, त्यामुळे दोन रोटरांच्या इंजिनाचे सहा आकडे यायला हवेत. पिस्टनच्या इंजिनासाठी वापरतात तो साधा गेज प्रत्येक रोटरच्या तीन बाजूंपैकी सर्वांत चांगल्या बाजूचा दाब धरून ठेवतो आणि उरलेल्या दोन बाजू त्यामागे झाकल्या जातात. शिवाय स्पार्क प्लगच्या भोकातून थोडे ऑइल आत सोडले, की झिजलेल्या सीलच्या फटी काही वेळ बुजतात आणि आकडा फुगतो. माझ्या बाबतीत असे केले होते की नाही, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण पुढे जे उघडकीस आले ते पाहता मला तरी शंका उरलेली नाही.

गाडी घेतल्यावर जवळपास चार हजार किलोमीटर डिपस्टिकवरची (ऑइल मोजायच्या पट्टीवरची) ऑइलची पातळी हलली नाही, आणि मी ते मित्रांना कौतुकाने सांगत होतो. त्यानंतर पेट्रोल भरायला थांबलो की गाडी पुन्हा सुरू होईना. चढावर ओढ कमी झाली. विक्रेत्याला फोन केला तेव्हा त्याने जाड ऑइल घालायला सांगितले आणि सील 'पुन्हा बसवणारे' एक औषधही विकत दिले. त्याने आठवडाभर बरे वाटले, मग पहिल्यापेक्षा वाईट झाले. झिजलेला धातू कोणत्याही बाटलीतून परत येत नाही, हे इथे स्पष्टच लिहितो.

शेवटी रोटरीची माहिती असलेल्या मेकॅनिकने योग्य टेस्टर लावला. या इंजिनाचे प्रमाण कॉम्प्रेशन २५० आरपीएमला (मिनिटाला २५० फेरे) ८.५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर असते आणि किमान मर्यादा ६.९ आहे. माझ्या पुढच्या रोटरचे तीन आकडे ६.३, ५.९ आणि ४.४ असे आले. त्यानंतर त्याने टॉर्च घेऊन मला जवळ बोलावले आणि ऑइलच्या नळ्या दाखवल्या. मीटरिंग पंप जागेवर होता, त्याची वायर जोडलेली होती, म्हणूनच डॅशबोर्डवर कोणताही दिवा लागला नव्हता. परंतु त्याच्यापासून निघणाऱ्या नळ्या नोझलवरून काढून, एकत्र करून, ऑइल भरण्याच्या तोंडाकडे परत वळवल्या होत्या आणि नोझलची तोंडे बंद केली होती. पंप इमानाने ऑइल उचलत होता आणि ते जिथून आले तिथेच पुन्हा पडत होते. सील मात्र कोरडी घासत होती. इंजिन खोलल्यावर हाउसिंगच्या क्रोमवर नखाला लागतील असे ओरखडे होते आणि एक कड सोलून निघाली होती, त्यामुळे नुसती सील बदलून भागणार नव्हते.

पंप काढून टाकणारे जाणकारही असतात, पण ते पेट्रोलच्या टाकीत दर खेपेला टू-स्ट्रोक ऑइल मिसळतात, लिटरमागे साधारण ८ ते १० मिलिलिटर, आणि गाडी विकताना ते सांगतात. मला कोणी सांगितले नव्हते.

जुनी रोटरी पाहायला जाणाऱ्याने गाडी पूर्ण तापवून, बंद करून, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करायला सांगावे, सहा आकड्यांचाच अहवाल मागावा आणि त्यावर चाचणीच्या वेळचा आरपीएम लिहिलेला आहे का तेही पाहावे, कारण तो कमी-जास्त असेल तर आकडेही तसेच बदलतात. बॉनेट उघडून नळ्या पंपापासून नोझलपर्यंत हाताने चाचपाव्यात. आणि विक्रेता ऑइल लागतच नाही म्हणाला, तर मग सीलला ऑइल कुठून मिळते, हे त्यालाच विचारावे.

नळ्यांचे फोटो पाठवून मी त्याच्याकडे पैसे परत मागितले. तुम्ही गाडी चालवून पाहिली होती आणि ऑइल खात नाही हे मी खोटे सांगितले नव्हते, एवढेच उत्तर आले. त्यानंतर त्याने माझा फोन उचललेला नाही.