फ्रान्स घ्यावं का जपान? एमए इतिहासच्या प्रोजेक्टसाठी माझं मत

दरवर्षी सिनॉप्सिस द्यायची वेळ आली की आमच्या धंतोलीच्या अभ्यासिकेतले पोट्टे हाच प्रश्न विचारून राहतात, दादा, क्रांती आणि राज्यसंस्था हा विषय तर ठरला, आता फ्रेंच राज्यक्रांती घेऊ का मेजी जपान (१८६८ मध्ये शोगुन, म्हणजे लष्करी राज्यकर्ता, जाऊन सम्राटाच्या नावानं नवं सरकार आलं तो काळ)? मी दोन्हीकडे फिरून आलेलो आहे, म्हणजे आधी फ्रान्सची टिपणं काढली आणि शेवटी प्रोजेक्ट जपानवर केला, तर जे जाणवलं ते एकदा नीट लिहून ठेवतो. रशिया-चीन धरतच नाही, तो पसारा एका प्रोजेक्टात मावत नाही. पॅरिसचा बास्टील तुरुंग, डोकं उडवायचं गिलोटिन, जपानचं दार उघडायला आलेल्या अमेरिकन पेरीची जहाजं हे माहीत आहे असं धरून चालतो.

पहिले फ्रान्सच्या बाजूनं बोलतो, कारण त्याच्यावर अन्याय होऊ नये. मटेरियलचा प्रश्नच नाही, मराठीत आहे, हिंदीत आहे, इंग्रजीत तर कपाटं भरून आहे. आणि माणसांचा आवाज ऐकू येतो. १७८९ मध्ये राजानं इस्टेट्स जनरल, म्हणजे धर्मगुरू, सरदार आणि सामान्य यांच्या प्रतिनिधींची सभा बोलावली, ती त्याआधी १६१४ मध्ये भरली होती, तेव्हा गावागावांतून तक्रारींच्या वह्या लिहून मागवल्या. मिठावरचा कर, सरदाराच्या शिकारीनं होणारं पिकाचं नुकसान, सगळं त्यात आहे. वाचताना अंगावर येतं राव, कारण ही माणसं अजून क्रांतिकारक झालेली नाहीत, ती फक्त राजाला आपलं गाऱ्हाणं सांगत आहेत. जपानच्या १८६८ मध्ये असा प्रसंगच नाही, तिथे सुरुवात दोनचार ताकदवान जहागिरींच्या सामुराईंनी, म्हणजे वंशपरंपरेनं लढवय्या असलेल्या वर्गानं केली, सत्सुमा आणि चोशू हे मुख्य.

मग ती ४ ऑगस्ट १७८९ ची रात्र. सरदार एकामागून एक उठून आपले हक्क सोडतात, आणि बहुतेक गाइडं तिथेच टाळ्या वाजवून पुढे जातात. पण ठराव नीट वाचला तर जमिनीशी जोडलेली जी देणी होती ती शेतकऱ्यानं पैसे मोजून सोडवून घ्यायची होती. शेतकऱ्यांनी ते पैसे दिलेच नाहीत, ठिकठिकाणी नुसते अडून बसले, दंगे झाले, आणि जुलै १७९३ मध्ये शेवटी सगळी देणी विनामोबदला रद्द झाली. म्हणजे कायद्यानं एका रात्रीत गेलेली सत्ता प्रत्यक्षात जायला चार वर्षं लागली आणि ती घालवली गावांनी. फ्रान्समधली माझी सगळ्यात आवडती गोष्ट हीच, आणि कोणी फक्त एवढ्यावर प्रोजेक्ट करत असेल तर मी त्याला अडवणार नाही.

आता जपानमध्ये तेच काम कसं झालं ते बघा. १८६९ मध्ये दाइम्योंनी, म्हणजे जहागीरदारांनी, आपापल्या जहागिरीचे जमीन आणि प्रजेचे दप्तर सम्राटाला परत केले, पण गव्हर्नर म्हणून तेच बसले, म्हणजे फरक कागदापुरता. मग १८७१ मध्ये सरकारनं सत्सुमा, चोशू आणि तोसा इथून दहा हजारांच्या आसपास सैन्य टोकियोत आणून ठेवलं आणि ऑगस्टमध्ये सरळ जाहीर केलं की जहागिरी बंद, आता प्रांत, अधिकारी टोकियोहून येणार. अडीचशेच्या वर जहागिरी होत्या. लढाई झाली नाही! कारण त्या सैन्याची धाक होतीच, पण दुसरीकडे जहागिरींची कर्जं सरकारनं अंगावर घेतली, दाइम्योंना उत्पन्नाचा वाटा बांधून दिला आणि राहायला टोकियोत बोलावलं. सामुराईंचे तनखे १८७६ मध्ये सरकारी रोख्यांत बदलून टाकले. धाक आणि पैसा दोन्ही एकत्र वापरून अख्खा वर्ग बाजूला केला. सगळ्यांनी गुमान मान्य केलं असंही नाही. ज्या साइगो ताकामोरीनं १८७१ मध्ये सरकारसाठी सैन्य उभं केलं तोच १८७७ मध्ये सत्सुमाच्या बंडाचा पुढारी झाला, आणि त्याला हरवलं कोणी, तर १८७३ च्या सक्तीच्या भरतीतून आलेल्या साध्या शेतकऱ्यांच्या पोरांनी. सत्ता कोणत्या हातातून कोणत्या हातात गेली हे दाखवायला याच्यापेक्षा स्वच्छ प्रसंग मला तरी कुठे सापडला नाही.

बरं, मग मी फ्रान्स काहून सोडलं? एकच गोष्ट, पण तिनं मला फार छळलं. शेवट कुठे करायचा तेच ठरेना.

पहिला आराखडा केला तो १७९१ च्या राज्यघटनेपर्यंत, राजा आहे पण घटनेखाली आहे, छान बसत होतं. माझे गाइड सर म्हणाले, मग पुढच्याच वर्षी सप्टेंबरात राजेशाहीच रद्द झाली त्याचं काय? बरोबर होतं त्यांचं. मग प्रजासत्ताकापर्यंत नेलं तर गिलोटिनच्या धाकावर राज्य करणारी रॉबेस्पिएरची समिती येते, ती घेतली तर जुलै १७९४ मध्ये त्याचंच डोकं उडतं, मग डायरेक्टरी, म्हणजे पाच जणांचं सरकार, मग नोव्हेंबर १७९९ चा नेपोलियनचा कट. आणि राज्यसंस्थेच्या दृष्टीनं खरं काम तर त्याच्यानंतर आहे, १८०० मध्ये प्रत्येक विभागावर पॅरिसहून नेमलेला प्रीफेक्ट, म्हणजे आपल्या कलेक्टरसारखा अधिकारी, १८०४ चा सिव्हिल कोड. म्हणजे ज्याच्यासाठी विषय घेतला ते प्रकरण सहावं होऊन बसलं आणि शब्दमर्यादा चौथ्यातच संपली! १८१५ ला तरी थांबावं म्हटलं तर तिथे जुन्या बूर्बों घराण्याचा राजा परत आलेला, आणि प्रीफेक्ट मात्र जागेवरच. मग १८३०, १८४८, १८७०, दर वेळी राजवट बदलते. प्रत्येक वेळी निष्कर्ष लिहायला घेतला की पुढची पंचवीस वर्षं तो खोडून काढायची. शिवाय मधल्या वर्षांच्या तारखा त्यांच्या नव्या कॅलेंडरात, थर्मिडोर, ब्रुमेअर, त्या बदलून घ्यायचा ताप वेगळा. एखाद्याला हीच गोष्ट आवडेलही, की सत्ता तिथे कधी स्थिर झालीच नाही, आणि तोच त्याचा मुद्दा होऊ शकतो, पण त्याला पीएचडीएवढी जागा पाहिजे असं माझं मत.

जपानमध्ये १८६८ ला सुरू करा आणि ११ फेब्रुवारी १८८९ ला, राज्यघटना जाहीर झाली त्या दिवशी, थांबा. वीसेक वर्षं. जहागिरी, सैन्य, शाळा, कर, मंत्रिमंडळ, घटना, एकेक गोष्ट ओळीनं येते, माणसं बऱ्यापैकी तीच राहतात, आणि परीक्षक विचारू शकत नाही की इथेच काहून थांबलात.

दुसरं कारण आपल्या इथलं आहे, आणि ते मला नंतर, जपान घेतल्यावर लक्षात आलं. पेरी जुलै १८५३ मध्ये जपानला पोचला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इथे नागपुरात तिसरे रघूजी भोसले वारले, मागून घेतलेलं दत्तक डलहौसीनं मानलं नाही आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झालं. १८६१ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, राजधानी नागपूर. म्हणजे त्याच वीसेक वर्षांत दोन्हीकडे नवीन राज्यसंस्था उभी राहून राहिली होती, तिथे त्यांची स्वतःची आणि इथे आपल्यावर दुसऱ्याची. आणि जमिनीच्या बाबतीत निर्णय नेमके उलटे झाले. इथे १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात इंग्रजांनी गावचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारालाच गावाची मालकी देऊन टाकली. जपाननं १८७३ मध्ये मधला माणूस काढला आणि जमिनीचा कागद सरळ धारकाच्या नावानं केला. तो कागद मी फोटोत पाहिला आहे, जागा, क्षेत्रफळ, मालकाचं नाव, ठरवलेली किंमत आणि त्या किमतीच्या तीन टक्के म्हणून येणारा कर, सगळं एका पानावर, आपला सातबाराच जसा काही. आता सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये दाइम्यो नाही, सामुराई नाही, फक्त तो कागद आहे.

आमचं गाव सावनेर तालुक्यात, तिथे मालगुजाराचा वाडा अजून उभा आहे, मागची भिंत पडली पण समोरचा सागवानी दरवाजा शाबूत आहे, आणि म्हातारी माणसं अजूनही पत्ता सांगताना वाड्याच्या पुढून की मागून असं सांगतात. इथली मालगुजारी १९५० च्या कायद्यानं, १९५१ पासून गेली, तीही मोबदला देऊनच. तेव्हा मला जपानचं १८७६ एकदम कळलं, की जुन्या वर्गाला पैसे देऊन उठवणं म्हणजे काय, त्याचा फायदा काय आणि त्याच्यात काय शिल्लक राहतं. आमच्या आजोबांचं म्हणणं होतं की मालगुजार गेला तरी गावात शब्द त्याच घरचा चालायचा, कितीतरी वर्षं. फ्रान्स वाचताना असं गाव डोळ्यासमोर कधी आलं नाही, तिथे मला सारखं पॅरिसच दिसायचं. हे माझ्या वाचनामुळेही असेल.

जपानच्या अडचणी लपवत नाही. मराठीत मटेरियल फार थोडं, इंग्रजीवरच भागवावं लागतं, आणि जपानी येत नसेल तर मूळ कागदांना हात लागत नाही. नावांचा त्रास होतो, मेजीचा एक मोठा पुढारी किदो ताकायोशी आधी कात्सुरा कोगोरो या नावानं भेटतो आणि अर्धं पुस्तक होईपर्यंत तो एकच माणूस आहे हे ध्यानात येत नाही. १८७३ च्या आधीच्या तारखा जुन्या पंचांगातल्या, म्हणजे तो ताप इथेही आहेच, पण एकदाच.

आणि एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगतो. मेजीचं राज्य वरून बांधलेलं होतं. शेतसारा रोखीत आणि पीक आलं न आलं तरी तेवढाच, १८७६ मध्ये मिए आणि इबाराकीकडे शेतकरी उठले तेव्हा कुठे पुढच्या वर्षी तीनचे अडीच टक्के केले. घटना सम्राटानं दिली, लोकांनी केली नाही, १८९० च्या पहिल्या निवडणुकीत लोकसंख्येच्या साधारण एक टक्का लोकांनाच मत होतं, आणि सैन्य संसदेला नाही तर थेट सम्राटाला जबाबदार ठेवलं, त्याची किंमत आशियानं पुढच्या शतकात मोजली. राज्य मजबूत झालं म्हणजे माणूस मोकळा झाला असं जपान वाचताना वाटायला लागतं, ते वाटू देऊ नका. ज्याला मुळात हक्कांचा प्रश्न खुणावतो, २६ ऑगस्ट १७८९ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा वाचून ज्याला काहीतरी होतं, त्यानं फ्रान्सच घ्यावं, पसारा सांभाळत घ्यावं. यूपीएससीचा विचार असेल तरी फ्रान्सचं वाचन बहुतेक जास्त कामी येईल.

पण मालगुजारी, पटवारी, कलेक्टर कचेरी हे ज्यांनी घरात ऐकलंय अशा आपल्या भागातल्या पोरांना जपान लवकर उमगतं असा माझा तरी अनुभव आहे. व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी मला मेजीचं एकच विचारलं आणि मग अर्धा तास मालगुजारीवर बोलत बसले, फ्रान्स घेतलेल्या मित्राला मात्र क्रांतीची कारणंच विचारली गेली.

जपान घेणार असाल तर पेरीला दोन पानांच्या वर जागा देऊ नका, सगळे तिथेच अडकतात. १८७१ चा जहागिरी बंद करायचा हुकूम आणि १८७३ चा जमिनीचा कागद हे दोन मधोमध ठेवा, सत्सुमाचं बंड वेगळं प्रकरण करा, आणि जमलं तर शेवटी एक परिशिष्ट आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या मालगुजारी गावावर जोडा, त्याची जुनी बंदोबस्ताची कागदपत्रं कुठे मिळतात ते सिनॉप्सिस द्यायच्या आधीच विचारून ठेवा, नंतर धावपळ होते.