झाकण उघडलं की कळतं, पण वाचता आलं पाहिजे: सुपरमायक्रोचा चॅसिस इंट्रूजन सेन्सर

सुपरमायक्रो कंपनीच्या सर्व्हरचं झाकण कुणी उघडलं की त्याची खूण ठेवणारा हा सेन्सर. सर्व्हर स्वतःच्या ऑफिसात असेल तर याची फारशी गरज नाही. पण पुण्यात बसून महापे किंवा ऐरोलीच्या कोलोकेशनमधली (म्हणजे दुसऱ्याच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेल्या जागेतली) रॅक सांभाळायची असेल, तर हा दोन वायरींचा स्विच लाखमोलाचा आहे. झाकणाखाली दबलेला छोटा मायक्रोस्विच आणि तिथून मदरबोर्डच्या जेएल१ हेडरवर (केबल लावायच्या पिनांवर) येणारी केबल, एवढाच हा मामला. बोर्डावर हेडर असतो, पण केसमध्ये स्विच बसवलेला असेलच असं नाही. केबल जोडलेली नसतानाही सेन्सर खुशाल ‘ओके’ दाखवत राहू शकतो, म्हणून खरेदीच्या वेळीच झाकण काढून बघून घ्या.

रॅकमध्ये चढवण्याआधीची चाचणी: मशीन बंद करा, दोन्ही पॉवर कॉर्ड काढा, झाकण उघडा, दहा आकडे मोजा, परत लावा, मग मशीन चालू करा. अलार्म दिसलाच पाहिजे. वीज नसताना ही नोंद सीआर२०३२ सेलच्या जोरावर टिकते आणि या सेन्सरची खरी किंमत इथेच आहे. उलट सेल उतरला किंवा बदलला की खोटा अलार्म येऊ शकतो. तेव्हा अलार्म आला की सेलचा व्होल्टेजही बघा. नवा सेल ३ व्होल्टच्या आसपास असतो.

सेन्सर वाचायला आयपीएमआयटूल (सर्व्हरच्या देखरेखीचा कमांड-लाइन प्रोग्राम) पुरेसं आहे. ‘एसडीआर टाइप’ला ‘फिजिकल सिक्युरिटी’ दिलं की एक ओळ येते: चॅसिस इंट्रू, एएएच, ओके, २३.१ आणि शेवटी रिकामा रकाना. इथेच बहुतेक स्क्रिप्ट फसतात. तिसऱ्या रकान्यातल्या ‘ओके’चा अर्थ सेन्सर वाचता आला एवढाच, झाकण बंद आहे असा नाही. झाकण उघडल्यावरही तो ‘ओके’ तसाच राहतो आणि शेवटच्या रकान्यात ‘जनरल चॅसिस इंट्रूजन’ उमटतं. अलर्ट शेवटच्या रकान्यावर लावा. नाहीतर वर्षभर हिरवा दिवा बघत बसाल.

अलार्म आपोआप जात नाही, तो हाताने पुसावा लागतो: बीएमसीच्या (सर्व्हरमधल्या देखरेखीच्या स्वतंत्र छोट्या संगणकाच्या) वेब पानावरून, नाहीतर रॉ कमांडने, हेक्स ३० आणि हेक्स ०३. ही कमांड सुपरमायक्रोपुरतीच आहे, दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर चालवू नका. लिनक्समध्ये बोर्डावरच्या हार्डवेअर-मॉनिटर चिपचा ड्रायव्हर असेल तर हेच काम ‘इंट्रूजन०_अलार्म’ या फाइलमध्ये शून्य लिहून होतं. मला हा चिकटपणा आवडतो. झाकण लगेच परत लावलं तरी खूण राहते, मग पाच मिनिटांनी एकदा वाचलं तरी चालतं. ज्या मशीनवर झाकण लावताच स्थिती पूर्ववत होते, तिथे मात्र आयपीएमआयटूलच्या ‘सेल ईलिस्ट’ने (हा ‘सेल’ म्हणजे बॅटरी नव्हे, सिस्टिम इव्हेंट लॉग) इव्हेंट लॉगच वाचावा लागतो.

त्या लॉगची वेळ बीएमसीच्या घड्याळाची असते. ते घड्याळ चुकलं असेल, तर कोण कधी रॅकपाशी होतं याचा डेटा सेंटरच्या प्रवेश-नोंदीशी मेळच बसत नाही. ‘सेल टाइम सेट नाऊ’ चालवून ते आधी जुळवा. लॉग पुसण्याआधी त्याची प्रत दुसऱ्या मशीनवर पाठवा, कारण बीएमसीचा ॲडमिन पासवर्ड हाती असलेला कुणीही तो रिकामा करू शकतो.

झाकण न काढता समोरून ओढलेली हार्डडिस्क या स्विचला दिसत नाही. तिच्यासाठी ड्राइव्ह स्लॉटचे इव्हेंट वेगळे बघा आणि डिस्क एन्क्रिप्ट करा.