जाड अंगाला बसणारी बीसीडी: गोसीखुर्दच्या पाण्यातले सात महिने

माझी उंची पाच फूट चार इंच, वजन ९८ किलो. छातीचा घेर ११६ सेंटिमीटर, पोटाचा ११०, नितंबांचा १२४. आकडे आधीच लिहून टाकते. पाण्याखाली उतरताना पाठीवर घालायची बीसीडी शोधत होते तेव्हा माझ्यासारख्या अंगाच्या बाईने मापं देऊन लिहिलेलं मला कुठे सापडलं नाही, आणि माप माहीत नसेल तर दुसऱ्याचा अनुभव आपल्या कामाचा की नाही, हेच समजत नाही.

आम्ही पवनी तालुक्यातले. घर ढिवरांचं, त्यामुळे डोंगा आणि जाळं जन्मापासूनचं. गावात आठ जणांचं शोध-बचाव पथक आहे. नदीत, धरणात, मामा (माजी मालगुजारी) तलावात कोणी बुडालं की तहसीलमधून फोन येतो. पथकात मी एकटी बाई. चार वर्षांपूर्वी तारकर्लीला जाऊन स्कूबाचा कोर्स केला. तिथे तळाची वाळू दिसायची. इथे गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमध्ये हात लांब केला तर स्वतःची बोटं दिसत नाहीत. खाली बुडालेली झाडं उभी आहेत, त्यांना फाटकी जाळी गुंडाळलेली. कमरेची दोरी वरच्या माणसाच्या हातात असते, आणि तळ चाचपत जायचं. अशा पाण्यात अंगावरचं सामान सैल असेल तर ते लगेच जिवावर येतं.

बीसीडी म्हणजे पाठीवर सिलिंडर धरून ठेवणारं आणि आत हवा भरता-सोडता येणारं साधन. हवा भरली की वर, सोडली की खाली. पथकाकडे देणगीत आलेलं एक जॅकेट होतं, ते माझ्या पोटावर बंदच होत नव्हतं. म्हणून मी स्वतःच्या पैशाने एक मागवलं. दुकानदाराने फोनवर फक्त वजन विचारलं आणि एक्सएक्सएल पाठवून दिलं.

ते जॅकेट घेराला पुरत होतं, पण शिवलेलं होतं सहा फुटी पुरुषासाठी. माझं धड आखूड. पोटपट्टा बेंबीच्या खाली यायला हवा, तो मांड्यांच्या सांध्यावर येऊन बसला. वाकलं की वर सरकायचा. खांद्याचे पट्टे शेवटपर्यंत ओढले तरी खांद्यावर चार बोटं जागा. छातीचा आडवा पट्टा बरोबर स्तनांवर यायचा, वर-खाली करायची सोयच नव्हती. जमिनीवर हे सगळं चालून जाईल असं वाटलं. पाण्यात गेल्यावर हवा भरली, तर जॅकेट कानांपर्यंत वर आलं आणि मी त्यातून खाली घसरले. पूर्ण हवा भरलेली असूनही हनुवटी पाण्यात. डोंग्यावरून मामा ओरडून विचारत होते, "बाई, हवा भरून राहिली का नाही तू?"

मग ते घट्ट करायला गेले तर उलटं झालं. जॅकेटच्या पद्धतीत हवेची पिशवी बगलेखालून पोटाकडे येते. फुगली की ती बाहेर फुगते तशी आतही फुगते. सैल असेल तर वर उडते, घट्ट असेल तर बरगड्या आवळते. एकदा भाद्रपदात ओढ असलेल्या पाण्यात दोरी धरून पृष्ठभागावर थांबले होते, आणि मला पूर्ण श्वास घेता येईना. थोडी हवा सोडली की श्वास येतो, पण मग तोंडाशी पाणी. त्या दिवशी ठरवलं की आता माप समजून घेतल्याशिवाय काही विकत घ्यायचं नाही. ते जॅकेट नीट सांगून, निम्म्या किमतीत एका उंच माणसाला दिलं. त्याला ते छान बसतं, म्हणजे जॅकेट वाईट नव्हतं.

जॅकेटच घ्यायचं असेल तर काठावर या गोष्टी करून बघा. आपला वेटसूट (पाण्यात घालायचा रबरी सूट) घालूनच बीसीडी चढवा. पाच मिलिमीटरचा सूट घेर बराच वाढवतो. पोटपट्ट्याचा वेल्क्रो तळहातभर तरी एकमेकांवर बसला पाहिजे. टोकाला टोक चिकटत असेल तर ते माप तुमचं नाही. मग तोंडाने हवा भरत जा, जास्तीची हवा सोडणारा व्हॉल्व्ह फुस्स करून उघडेपर्यंत. आता खोल श्वास घ्या. बरगड्या अडत असतील तर तिथेच थांबा. हात डोक्यावर न्या, मागे वळून सिलिंडरच्या व्हॉल्व्हला हात लागतो का बघा. सिलिंडर बांधून कोणाला तरी ते खांद्याशी धरून वर उचलायला सांगा. बीसीडी वर गेली आणि तुम्ही जागेवर राहिलात, तर पाण्यात तेच होणार. हे दुकानात करायला लाज वाटते, मलाही वाटली होती. बाईमाणसाला तर पोटाचा पट्टा चार लोकांसमोर ओढून दाखवणं जड जातं. सोबत कोणाला तरी घेऊन जा, पण करा.

मी शेवटी पुढच्या आषाढात घेतली ती प्लेट-विंगची जोडणी. पाठीला स्टीलची प्लेट, तिच्या खाचांतून ओवलेला दोन इंची नायलॉनचा एकच लांब पट्टा, पायांमधून एक पट्टा, आणि हवेची पिशवी फक्त पाठीमागे, सिलिंडरच्या दोन्ही बाजूंना. हिलाच विंग म्हणतात. पोटावर आणि बगलेत पिशवी नाही, म्हणून फुगवली तरी श्वास मोकळा राहतो. हा फरक पहिल्याच बुडीला कळला.

पण जाड अंगासाठी खरी गोष्ट वेगळी आहे. या जोडणीला एक्सएल, एक्सएक्सएल नसतंच. पट्टा आपल्या खांद्याला, आपल्या पोटाला लावून बसवायचा असतो. रुंद पण बुटकी, उंच पण सडपातळ, छाती मोठी आणि कंबर लहान, सगळ्यांना तीच प्लेट चालते. फक्त धड फार आखूड असेल तर आखूड प्लेट घ्यावी. मी तीच घेतली, सव्वादोन किलोची. आलेला पट्टा माझ्या पोटावरून बकलमध्ये जाऊन जेमतेम दोन बोटं उरत होता, म्हणून लांब मागवला. गावात कोणी सुचवलं की खाटेची निवार लावून दे. लावू नका. ती ओली झाली की ताणते आणि बकल धरून ठेवत नाही. पायांमधला पट्टा मात्र भंडाऱ्याला ताडपत्री शिवणाऱ्याकडून नायलॉनच्या दोऱ्याने वाढवून घेतला, तो टिकून आहे.

पायांमधल्या पट्ट्याबद्दल बायका विचारतात. पहिले दोन दिवस टोचल्यासारखं होतं, सूटवरून काही जाणवत नाही. आणि तोच पट्टा जॅकेटचं वर उडणं थांबवतो. जॅकेट बदलायला पैसे नसतील तर आहे त्यालाच असा पट्टा जोडून बघा, निम्मा त्रास कमी होईल.

आता हवेच्या पिशवीचं. जाड माणसाला मोठी पिशवी लागते असं सगळे सांगतात. मला ते पटत नाही. चरबी पाण्यात तरंगते, तिला उचलायला पिशवी लागत नाही. उलट खाली जायला शिसं लागतं. पिशवीचं काम दोन गोष्टी भरून काढणं. एक, खोल गेल्यावर दबलेला सूट. १० मीटरवर दाब दुप्पट होतो आणि सूटची तरंगण्याची ताकद साधारण निम्मी राहते. माझा सूट वर असताना सात किलो उचलतो, म्हणजे तिथे साडेतीन किलो भरून काढायचे. दुसरी गोष्ट सिलिंडरमधली हवा. १२ लिटरचं सिलिंडर २०० बारला (बार हे दाबाचं माप) भरलं की आत २४०० लिटर हवा मावते, आणि तिचं वजन जवळपास तीन किलो. सूट पूर्ण दबला असं धरलं तरी दहा किलो झाले. गोड्या पाण्यात एक लिटर हवा एक किलो उचलते. माझी विंग १४ लिटरची आहे आणि पुरते. एक्सएक्सएल जॅकेटची पिशवी याहून कितीतरी मोठी होती; अर्धवट भरली की हवा एका बगलेतून दुसरीकडे पळायची आणि अंग कलंडायचं.

एक ठिकाण मात्र मोजून घ्या. भरलेलं स्टीलचं सिलिंडर, प्लेट आणि रेग्युलेटर (ज्यातून श्वास घेतो ते) मिळून पाण्यात सात-आठ किलो जड आहेत. त्यावर सगळं शिसं लादलं आणि डोंग्यावर चढायला सामान पाण्यात काढलं, तर ते एकटं बुडायला टेकतं. म्हणून माझ्या सहा किलो शिशांपैकी चार किलो कमरेच्या रबरी पट्ट्यावर असतं. रबरी अशासाठी, की सूट दबला तरी तो पोटावर घट्ट राहतो. साधा पट्टा माझ्या नितंबांवरून घसरायचा.

जॅकेटबरोबर मला नऊ किलो शिसं लागायचं. आता सहा लागतं. साधारण दोन किलोंची जागा प्लेटने घेतली, बाकीचं जॅकेटच्या आतल्या स्पंजचं होतं. समुद्रात जाणार असाल तर हिशेब वेगळा. खारं पाणी अडीच टक्क्यांनी जड, त्यामुळे मी आणि माझं सामान मिळून सव्वाशे किलोच्या वर असताना तिथे तीन किलो जास्त लागतं. तारकर्लीच्या वहीतला आकडा मी इथे पहिल्यांदा तसाच वापरला आणि दगडासारखी खाली गेले. शिसं तपासायची वेळ बुडीच्या शेवटी: सिलिंडरमध्ये ५० बार उरलेलं, विंग रिकामी, साधा श्वास धरलेला, आणि पाणी डोळ्यांच्या रेषेत.

तक्रारी आहेत. पहिली, पृष्ठभागावर विंग पूर्ण फुगवली की तोंड पुढे ढकलते. थोडीच हवा ठेवून मागे रेलायला शिकावं लागतं, आणि उरलेलं दोन किलो शिसं मी सिलिंडरच्या पट्ट्यावर मागे नेलं, तेव्हा बरं झालं. कोणतीही बीसीडी लाइफजॅकेट नाही. बेशुद्ध माणसाचं तोंड ती वर ठेवेलच असं नाही. डोंग्यावर आम्ही लाइफजॅकेट वेगळं घालतो. दुसरी, सलग पट्ट्यातून हात काढणं जाड दंडाला त्रासाचं. मी डाव्या खांद्यावर बकल बसवून घेतलं. जाणकार म्हणतात की तेवढी एक जागा तुटायला वाढली. त्यांचं खरं आहे, पण गारठलेल्या हातांनी डोंग्याच्या कडेला पाच मिनिटं झटापट करण्यापेक्षा मला बकल बरं. तिसरी, खिसे नाहीत. जाळं कापायची कात्री कमरपट्ट्यावर लावते. अडकायला जागा कमी, हे आमच्या पाण्यात फायद्याचंच.

शोधाची दोरी बीसीडीच्या रिंगला कधीच बांधायची नाही. तिच्यासाठी बीसीडीच्या आत, अंगालगत पट्ट्यांचा वेगळा हार्नेस घालते, म्हणजे बीसीडी जाळ्यात अडकली तर ती सोडून देता येते आणि दोरी अंगालाच राहते.

गाळाने एकदा घाबरवलं. ऑक्टोबरात चार मीटरवर इन्फ्लेटरचं, म्हणजे विंगमध्ये हवा भरायचं बटण आत अडकलं आणि विंग आपोआप फुगू लागली. होज (त्याला हवा देणारी नळी) काढली, मागचा दोरा ओढून हवा सोडली, श्वास चालू ठेवला आणि हळू वर आले. मामा तलावात याचा सराव केलेला होता, म्हणून हात आपोआप गेला. तेव्हापासून प्रत्येक बुडीनंतर बटण कोमट पाण्यात दाबून-दाबून धुते. नागपूरच्या नाग नदीची घाण कन्हानमधून वैनगंगेत आणि तिथून धरणात येते, त्यामुळे विंगच्या आतही स्वच्छ पाणी घालून, हलवून, उलटी धरून काढावं लागतं. मग अर्धी फुगवून सावलीत वाळवायची.

सगळं मिळून मला बावन्न हजारांच्या आसपास पडलं, त्यात थोडी पथकाची वर्गणी. सात महिन्यांत सरावाच्या धरून ३१ बुड्या झाल्या. विंगला छिद्र नाही, शिवण उसवलेली नाही. प्लेटच्या खाचेत डाव्या खांद्याच्या पट्ट्याची कड विस्कटायला लागली आहे, म्हणून नवा पट्टा मागवला, तो संक्रांतीच्या आधी आला.

जुना फेकलेला नाही. पथकात नवीन आलेला पोरगा सहा फुटी, एकशे पंधरा किलोचा आहे, आणि त्यालाही कोणीतरी वजन विचारून एक्सएक्सएल सुचवलंय. रविवारी त्याला तलावावर बोलावलंय. माझी प्लेट त्याच्या पाठीला लावून, पट्ट्यावर खडूने त्याच्या खांद्याच्या आणि पोटाच्या खुणा करून घेणार आहोत.