झटका मशीन की सेन्सरचा भोंगा? डुकरांच्या अनुभवावरून अस्वलांसाठी

बुलढाण्यात ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेला आमच्या साडूंची शेती आहे. मक्याच्या कणसात दाणे भरायला लागले की तिथे अस्वलं उतरतात. माझं रान उत्तर सोलापूर तालुक्यात, नान्नजच्या माळाच्या अलीकडे. इथे अस्वल नाही, पण रानडुकरांनी भुईमुगाचा आणि मक्याचा जो नास चालवलाय तो साऱ्या शिवाराला ठाऊक आहे. यंदा झटका मशीन घ्यावं की सेन्सरवाला भोंगा, असं साडूंनी विचारलं. मी दोन्ही वापरलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. हाच प्रश्न इतरांनाही पडलेला दिसतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. कुंपणाच्या तारेत घरची किंवा मोटारीची लाइन सोडणं हा या तुलनेतला पर्यायच नाही. त्याने जनावर मरतं, आणि रात्री पाणी धरायला गेलेला माणूसही मरतो. शिवाय वीज कायदा आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, दोन्हींखाली तो गुन्हा आहे. अस्वल तर त्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मधलं, म्हणजे सर्वात कडक संरक्षण असलेलं जनावर. झटका मशीन वेगळं असतं. तारेत काही हजार व्होल्ट असले तरी साधारण सेकंदाला एकदा, निमिषभरच ठोका येतो. जनावर दचकतं, मागे सरतं आणि जिवंत राहतं.

आता भोंगा. त्याच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. एका खांबावर पेटी, वर छोटं पॅनेल, समोर सेन्सर. तासाभरात काम होतं. बांधाने खांब रोवायचे नाहीत, तार ओढायची नाही, नांगरट-कुळवणीला अडचण नाही. पीक निघालं की पेटी उचलून दुसऱ्या रानात नेता येते. दुसऱ्याचं रान वाट्याने करणाऱ्याला तर हे फारच सोयीचं. सुरुवातीला त्याने काम चोख केलं. दिवे लखलखले, कुत्र्यांचा आणि फटाक्यांचा आवाज झाला की कळप सरळ ओढ्याकडे पळायचा. जपानमध्ये होक्काइदोतल्या ताकिकावा गावाने २०२० साली अस्वलांसाठी असंच यंत्र लावलं. लाल डोळ्यांचा, मान फिरवणारा यांत्रिक लांडगा, आणि ओरडण्याचे डझनावारी वेगवेगळे आवाज. आवाज एवढे का, हे माझ्या पेटीवरून कळलं. तिच्यात मोजकेच होते आणि ते डुकरांना पाठ व्हायला फार वेळ लागला नाही.

पण आवाज पाठ होण्याने माझा निर्णय झाला नाही. निर्णय झाला तो भोंगा नको तेव्हा वाजण्याने.

हे सेन्सर जनावर ओळखत नाहीत. समोरच्या भागात एकाएकी उष्णतेचा फरक हलला की ते जागे होतात. थंडीत गार जमिनीवर डुकराचं गरम अंग चटकन कळतं. सोलापूरचा एप्रिल-मे मात्र वेगळा. दिवसा पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे, आणि रात्री नऊ-दहा वाजता बांधावरच्या दगडाला हात लावला तरी चटका बसावा इतका तो तापलेला. जनावराच्या अंगात आणि मागच्या जमिनीत फरकच उरत नाही. म्हणजे उन्हाळी भुईमुगाच्या शेंगा भरतात, डुकरं रोज येतात, नेमका तेव्हाच सेन्सर मंद होतो. उलट गरम वाऱ्याची झुळूक आली, पाला सळसळला, मांजर गेलं की वाजला. संवेदनशीलता कमी केली तर डुक्कर सुटतं, वाढवली तर रात्रभर थारा नाही.

आमची वस्ती रानालगतच आहे. घरात लहान मूल, शेजारी म्हातारी माणसं. पहिल्यांदा भोंगा वाजला की सगळे बॅटऱ्या घेऊन धावायचे. पुढे एकटा मी उठू लागलो. नंतर मीसुद्धा अंथरुणातूनच कानोसा घ्यायचो. एका रात्री कळपाने विहिरीकडचा पट्टा नांगरल्यासारखा उलथला. सकाळी शेजारचे अण्णा बांधावर येऊन म्हणाले, "वाजलं की रात्री. पण म्हटलं आसंल कुत्रं." अण्णांचं काही चुकलं नव्हतं. खोटं वाजून वाजून त्या यंत्राने आमची उठायची सवयच मोडली होती. पीक गेल्याचं दुःख होतंच, पण राखणीचं साधन माणसालाच बेसावध करतं हे मला सोसवेना.

झटका मशीनलाही डोकेदुखी आहे, ती लपवत नाही. एक गवत. पावसाळ्यात केना आणि हरळी तारेला टेकली की करंट तिथल्या तिथे जमिनीत उतरतो. रात्री तारेकडेने चालत गेलं की कळतं. मशीनचा ठोका दुरून टक-टक येत असतो, पण जिथे गवत टेकलंय तिथे बारीक चट-चट ऐकू येते आणि वाकून पाहिलं तर निळसर ठिणगी दिसते. गवताचं ते पातं काढलं की पुढच्या तारेत पुन्हा जोर येतो. डाळिंबाच्या बागेतून निघालेला जुना मल्चिंग पेपर मी तारेखाली पट्ट्यापट्ट्याने अंथरला, दोन्ही कडांना माती ओढली. तेव्हापासून खुरपायचं काम बरंच हलकं झालं. त्या पट्टीबाहेरचं तण मात्र काढावंच लागतं.

दुसरी डोकेदुखी आमच्या मुरमाची. झटका बसायला करंट जनावराच्या पायातून जमिनीत आणि तिथून अर्थिंगच्या, म्हणजे मशीनला जोडून जमिनीत ठोकलेल्या सळईपर्यंत परत यावा लागतो. जमीन कोरडी ठणठणीत असेल तर तो येतच नाही. मशीन टकटकत राहतं आणि डुक्कर तारेला घासून आत जातं. "मशीन बोगस निघालं" म्हणणाऱ्यांपैकी निदान काहींचं तरी मशीन चांगलं आणि अर्थिंग कोरडं असावं, असा मला दाट संशय आहे. त्यावर उपाय आहेत. सळई खोल ठोकायची, एकीऐवजी दोन-तीन जोडायच्या, खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालायचं, उन्हाळ्यात बादलीभर पाणी ओतत राहायचं. याहून खात्रीचा उपाय म्हणजे एक तार करंटची आणि तिच्या जोडीला एक तार अर्थिंगची ओढणं. जनावर घुसताना दोन्ही तारांना लागलं की जमिनीची गरजच उरत नाही. मी तसंच केलं आणि भुईमूग राखला गेला.

पारडं माझ्यासाठी इथेच झुकलं. सोलापूरचा उन्हाळा दोघांनाही नडतो. पण तारेचा बिघाड कानाला ऐकू येतो, डोळ्याला दिसतो आणि विळ्याने नाहीतर बादलीने दुरुस्त होतो. सेन्सरचा बिघाड पीक गेल्यावर कळतो. पैशाचं म्हणाल तर लहान रानाला फारसा फरक पडत नाही. रान लांबलचक आणि अरुंद असेल तर तारेचा खर्च चढतो, तेवढा हिशेब ज्याचा त्याने करावा.

आता अस्वलाचं. त्याची नजर आणि कान बेताचेच, नाक मात्र विलक्षण. दिवे आणि आवाज ही दोन्ही शस्त्रं त्याच्या दुबळ्या बाजूवर चालवायची म्हणजे आधीच तोटा. दुसरी गोष्ट मला जास्त घाबरवते. अस्वल बहुतेक वेळा माणूस अचानक जवळ आला म्हणून अंगावर येतं. मक्यात अस्वल, भोंगा वाजतोय, आणि काय आलंय ते बघायला माणूस बॅटरी घेऊन त्याच दिशेने निघालाय, हा प्रसंग नुसता मनात आला तरी नको वाटतो. माझ्याकडे डुकरं होती म्हणून धावत जाणं निभावलं. साडूंकडे ते निभावेलच असं नाही.

तार इथेही माणसाला घरात राहू देते. फक्त अस्वलाच्या दाट, लांब केसांमुळे पाठीला किंवा खांद्याला तार लागली तर झटका पोचेलच असं नाही. अमेरिकेत आणि कॅनडात मधपेट्यांभोवती विजेचं कुंपण करतात, तेव्हा काही जण तारेवर मुद्दाम खाऊ लटकवतात. हेतू एवढाच, की पहिला स्पर्श नाकाचा किंवा तोंडाचा व्हावा. खाऊ लावण्याचा प्रयोग इथे कुणी परस्पर करू नये. तारांची उंची मात्र त्याच हिशेबाने ठेवावी. डुकरासाठी मी खालची तार वीतभर उंचीवर घेतली होती. अस्वलासाठी तीही हवी आणि वर गुडघ्यापासून कमरेपर्यंत आणखी तीन तरी हव्यात, असं मला वाटतं.

कॅमेरा आणि मोबाइलवर इशारा देणाऱ्या यंत्रणांबद्दलही विचारणा होते. ताडोबाच्या जंगलाच्या कडेच्या, बफर म्हणतात त्या पट्ट्यातल्या काही गावांत कॅमेऱ्याने वाघ ओळखून गावाला सावध करण्याचे प्रयोग झालेत आणि ते मोलाचे आहेत. कॅनडात चर्चिल गावाजवळ ध्रुवीय अस्वलं दुरूनच टिपायला रडार वापरून पाहिलंय. पण ही गावाने किंवा खात्याने मिळून उभी करायची कामं. माझ्या रानात फोनला रेंज बांधावरच्या एका लिंबाखालीच येते, तिथे एकट्याने हा खर्च करावा असं मी सांगणार नाही. बिबट्याचा प्रश्न असेल तिथे मात्र माझं मत थोडं बदलतं. डिसेंबर २०२० मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या करमाळ्यात बिबट्याने माणसं मारली, ते आपण पाहिलंय. बिबट्या चढतो, उडी मारतो, आणि तिथे प्रश्न पिकाचा नसून माणसाचा असतो. गोठ्यापाशी आणि घराच्या वाटेवर उजेड आणि इशारा हवाच.

तेव्हा साडूंना मी झटका मशीनच सांगितलंय, करंटच्या तारेच्या जोडीला अर्थिंगची तार ओढून. गाव वनखात्याच्या जन-वन विकास योजनेत बसत असेल तर सौर कुंपणाला, म्हणजे सौर पॅनेलवर चालणाऱ्या झटका मशीनच्या तारेला, अनुदान मिळू शकतं, ते वनरक्षकांना विचारून मगच खरेदी करावी. तार कणसं भरायच्या आधी ओढून पहिल्या रात्रीपासून चालू ठेवायची. एकदा मक्याची चव लागलेलं जनावर झटका सोसूनही आत जायला बघतं. वाटेकडच्या बाजूला पाट्या लावायच्या आणि शेजाऱ्यांच्या पोरांना दिवसाउजेडी टकटक ऐकवून ठेवायची. भोंगा घ्यायचाच असेल तर तो मक्यात नको. घर आणि विहिरीच्या मधल्या पायवाटेवर लावावा, आणि तो वाजला की दार उघडायचं नाही, एवढं घरातल्या सगळ्यांना बजावून ठेवावं.