उत्पन्न विचारावं की खर्च? वस्तीत प्रश्नावली नेण्याआधी

नागपुरातल्या एखाद्या वस्तीत गरिबी मोजायची, तर घराचं उत्पन्न विचारायचं की खर्च, हे आधी ठरवावं लागतं. दोन्ही नीट विचारायचं म्हटलं तर एका घरात दीड-दोन तास जातात आणि तेवढं थांबायला कुणी तयार नसतं.

उत्पन्न पगारदारापुरतं सोपं. बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतला कामगार पगाराची स्लिप दाखवतो, विषय संपतो. ठिय्यावर, म्हणजे चौकात कामाची वाट पाहत उभ्या राहणाऱ्या मजुराला मात्र ‘महिन्याला किती?’ असं विचारून उपयोग नाही. गेल्या ७ दिवसांत काम किती दिवस लागलं आणि दिवसाची मजुरी काय मिळाली, असंच विचारावं लागतं. सरकारी श्रमबल सर्वेक्षणही रोजंदारीवाल्यांना असंच विचारतं. ऑटोवाला दिवसाचा गल्ला सांगतो. त्यातून गॅस, दुरुस्ती आणि गाडीचा हप्ता आपण वजा करायचा. काटोल-नरखेडचा संत्रेवाला असेल तर बाग झाडावरच व्यापाऱ्याला दिलेली असते आणि पैसे हप्त्याहप्त्यानं येतात. म्हणजे एका प्रश्नाचे दहा होतात. पण मेहनत घेतली तर हे सगळं जमतं.

जमत नाही ती गोष्ट वेगळी. पिवळ्या रेशनकार्डासाठी १५ हजार, केशरीसाठी १ लाख, शहरात प्राधान्य कुटुंबासाठी ५९ हजार, लाडक्या बहिणीसाठी अडीच लाख अशा वार्षिक उत्पन्नाच्या मर्यादा लोकांना पाठ असतात. हातात कागद घेऊन दारात उभा राहिलेला माणूस त्यांच्या दृष्टीनं योजनेचाच. मग उत्तर त्यातल्या कुठल्या तरी मर्यादेच्या जरासं खाली येतं. याला खोटं तरी कसं म्हणावं? तहसीलच्या दाखल्यावर जो आकडा आहे तोच ते सांगतात. अडचण अशी की ही चूक एकाच दिशेला झुकते. २०० ऐवजी २००० घरं केली तरी ती भरून निघत नाही. देशपातळीवरही हेच झालं: राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानं पूर्वी उत्पन्न विचारून पाहिलं, तेव्हा ते खर्च आणि बचतीच्या बेरजेपेक्षा कमी भरलं. माझं माप खर्चाकडे झुकलं ते इथेच.

तेल किती आणलं, भाजीला किती गेले, हे घरातली बाई बिनधास्त सांगते. त्या उत्तरावर कुठलं कार्ड अवलंबून नसतं. फक्त कालावधी नीट पाळा. भाजी, फळं, तेल, मसाले, अंडी-मांस, पान-तंबाखू ७ दिवसांचं. धान्य, डाळ, गॅस, वीज, भाडं, मोबाइल ३० दिवसांचं. कपडे, चपला, शाळेची फी, दवाखान्यात भरती, भांडी-फ्रीज ३६५ दिवसांचं. समजा सात दिवसांचे १,१२० रुपये आले, तर महिन्याचे ४,८००. वर्षाचे ३६,५०० म्हणजे दिवसाला १००, तीस दिवसांच्या महिन्याला ३,०००. तीस दिवसांचे ९,७००. बेरीज १७,५००, एका चुलीवर जेवणारी माणसं ५, तर दरडोई ३,५००. शेजारी ठेवायला आकडा आहेच: २०२३-२४ च्या सरकारी सर्वेक्षणात शहरी भारतातल्या महिन्याच्या दरडोई खर्चाची सरासरी ६,९९६ रुपये होती.

चुका ठरलेल्या जागी होतात. उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरणारं घर त्या महिन्यात एकदम श्रीमंत दिसतं. म्हणून खाण्याच्या वस्तूंत ‘घेतलं किती’ नाही, ‘खाल्लं किती’ विचारा. माणशी ५ किलो रेशनचं धान्य फुकट येतं, त्याची बाजारभावानं किंमत वेगळ्या रकान्यात लिहा, नाहीतर पुढे कुणाशीच तुलना करता येणार नाही. पोळा-मारबतीच्या किंवा दिवाळीच्या आठवड्यात जाऊ नका. सगळ्यात फसवा दवाखाना: कर्ज काढून ऑपरेशन केलेलं घर खर्चात वर चढतं आणि गरिबीतून ‘बाहेर’ पडतं. भरतीचा खर्च धरून एकदा आणि वगळून एकदा, अशा दोन बेरजा करा.

एवढं सांगूनही उत्पन्नाची बाजू एका ठिकाणी भारी आहे, हे मान्य करायला हवं. प्रश्न विषमतेचा असेल तर खर्च वरच्या लोकांना झाकतो. नागपूरकराकडे पैसा साठला की तो ताटात दिसत नाही, बेसा नाहीतर वर्धा रोडच्या प्लॉटमध्ये जातो. गिनी हा विषमतेचा आकडा: ० म्हणजे सगळे समान, १ म्हणजे सगळं एकाकडे. जागतिक बँकेचा भारतासाठीचा २०२२-२३ चा गिनी ०.२५५ आहे, तो खर्चावरचा. उत्पन्नावर मोजणाऱ्या देशांच्या यादीत तो बसवून ‘आपण जगात चौथे समान’ म्हणणं म्हणजे पायलीची किलोशी तुलना. त्याच वर्षासाठी जागतिक विषमता प्रयोगशाळा (वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅब) या संशोधन संस्थेनं वरच्या १ टक्क्याचा उत्पन्नातला वाटा २२.६ टक्के काढला आहे.

पण वस्तीच्या दोनशे घरांत तो वरचा १ टक्का सापडणारच नाही, आणि सापडला तरी तो दार उघडून कमाई सांगेल असं वाटत नाही. म्हणून खर्चाची प्रश्नावली घ्या आणि शेवटी चारच प्रश्न जोडा: प्लॉट, गाडी, भिशी किंवा बँकेतली बचत, आणि डोक्यावरचं कर्ज. रक्कम विचारू नका, आहे की नाही एवढंच. उत्पन्न विचारायचंच झालं तर तेही अगदी शेवटी, कागद मिटल्यावर.